२.८५ जीपीए आणि डीपीटीचा प्रवेश

गेल्या महिन्यात इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी असताना ओळखीच्या एका काकूंनी मला हलकेच बाजूला घेतले आणि विचारले, "अगं, आमच्या मुलाला फिजिकल थेरपीला जायचंय, पण त्याचा जीपीए तीनच्या खाली आहे. होईल का गं त्याचं?" मी म्हणाले, "होऊ शकतं काकू, पण आधी मला त्याची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांची गुणपत्रिका, बघावी लागेल." त्यांना हो किंवा नाही एवढेच हवे होते हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते आणि ते देता येत नाही याचे मला वाईटही वाटले, कारण काही वर्षांपूर्वी माझी आई अशीच कोणाकोणाला विचारत फिरत होती. त्या मुलाशी मग फोनवर सविस्तर बोलणे झाले. तेव्हा जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते इथे लिहीत आहे.

पदवीच्या शेवटी माझा स्वतःचा जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या श्रेणींची चारपैकी सरासरी, २.८५ होता. मी नववीत असताना आम्ही मिरजेहून न्यू जर्सीला आलो. हायस्कूल इथेच झाले आणि पुढे इथल्याच एका राज्य विद्यापीठातून मी एक्सरसाइज सायन्सची पदवी घेतली. चारपैकी २.८५ हे नापास होणाऱ्या मुलीचे गुण नव्हेत आणि हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुलीचेही नव्हेत. अशा मधल्या गुणांची अडचण अशी की पालक, शिक्षक आणि आपण स्वतः, कोणीच त्यांच्याकडे वेळेवर लक्ष देत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक फरक आधी स्पष्ट करायला हवा. माझी मामेबहीण बारावीनंतर नीट देऊन, सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला गेली आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेऊन साडेचार वर्षांत फिजिओथेरपिस्ट झाली. अमेरिकेत याच व्यवसायाला फिजिकल थेरपी म्हणतात, आणि इथे हा मार्ग बारावीनंतर सुरू होत नाही. आधी चार वर्षांची कोणतीही पदवी, त्यात ठरावीक विज्ञान विषय, आणि त्यानंतर साधारण तीन वर्षांची डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी. २०१६ पासून या व्यवसायात शिरण्यासाठीच्या सर्व मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना हीच पदवी द्यावी लागते. बहुतेक विद्यापीठांचे अर्ज पीटीकॅस नावाच्या एकाच केंद्रीय पोर्टलवरून जातात. (बीपीटीएच करून इथे येणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांच्या पदवीचे मूल्यमापन होते आणि मग परवान्याची परीक्षा द्यावी लागते. या लेखात तो विषय नाही.) एकाच परीक्षेचा एकच आकडा इथे सगळे ठरवत नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या विद्यार्थ्याच्या बाजूची आहे. मात्र आकड्यांना इथे किंमत नाही असा तिचा अर्थ मुळीच नाही, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली.

पहिल्या वर्षी मी अकरा विद्यापीठांना अर्ज केला. मला वाटत होते की निबंधात तळमळ उतरली, आजीच्या आजारपणाविषयी मनापासून लिहिले आणि क्लिनिकमधल्या निरीक्षणाचे दीडशे तास दाखवले, की गुणांची बाजू सांभाळली जाईल. ऑक्टोबरच्या अखेरीस अर्ज पाठवला. फेब्रुवारीपर्यंत अकराही ठिकाणांहून नकार आले. एकाही ठिकाणी मुलाखतीचे बोलावणे नव्हते. शेवटचा नकार आला तेव्हा मी क्लिनिकच्या मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होते आणि तो टोपलीभर ढीग संपेपर्यंत मी फोन पुन्हा हातात घेतला नाही.

विद्यापीठे गुणांना एवढे का धरून बसतात, हे मी त्यानंतर नीट वाचले, आणि ते समजल्यावर माझा राग बराचसा ओसरला. या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केप्टी ही संस्था काही किमान अपेक्षा ठेवते. दोन वर्षांच्या सरासरीने प्रवेश घेतलेल्यांपैकी किमान ८० टक्के विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि परवान्याची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे एनपीटीई, अखेरीस उत्तीर्ण होणारे किमान ८५ टक्के असले पाहिजेत. डीपीटीची एक तुकडी चाळीस-पन्नास जणांची असू शकते. अशा तुकडीतले सात-आठ विद्यार्थी अडखळले तर विद्यापीठाच्या मान्यतेलाच झळ लागू शकते. प्रवेश समितीतल्या माणसाला माझ्या आजीबद्दल सहानुभूती नसते असे नाही. पण अॅनाटॉमीत, म्हणजे शरीररचनाशास्त्रात, सी मिळवलेली ही मुलगी पहिल्याच सत्रात शवविच्छेदनासह येणारी अॅनाटॉमी झेपवू शकेल का, हा प्रश्न त्याला पडणारच, आणि माझ्या पहिल्या अर्जात त्या प्रश्नाचे उत्तर कुठेही नव्हते.

पीटीकॅसवर स्वतःची ट्रान्सक्रिप्ट स्वतः भरावी लागते. प्रत्येक सत्र, प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट (म्हणजे विषयाचे वजन) आणि त्याची श्रेणी, एकेक ओळ करून. पहिल्या वर्षी मी ते काम घाईघाईने उरकले होते. सगळे नकार आल्यावर, दुसरा अर्ज उघडण्याच्या कितीतरी आधी, मार्च महिन्यात, मी तोच तक्ता वहीवर हाताने मांडला आणि शेजारी आणखी एक रकाना आखला: त्या सत्रात मी आठवड्याला किती तास नोकरी करत होते. लिहिता लिहिताच काही गोष्टी दिसू लागल्या. माझे बहुतेक सी पहिल्या अडीच वर्षांतले होते. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग, केमिस्ट्रीचा पहिला भाग आणि स्टॅटिस्टिक्स मी एकाच सत्रात घेतले होते, आणि त्या सत्रात मी दुकानात आठवड्याला पंचवीस तास उभी राहत होते. शेवटच्या ३६ क्रेडिट्सची सरासरी मात्र ३.३ होती. म्हणजे २.८५ या आकड्याखाली दोन वेगवेगळ्या विद्यार्थिनी होत्या आणि त्यातल्या दुसरीला मी समितीपुढे आणलेच नव्हते.

यानंतरचा हिशेब जरा सविस्तर मांडते, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. माझी १२० क्रेडिट्स होती, म्हणजे २.८५ च्या हिशेबाने ३४२ गुणांक. पदवीनंतर मी चार-चार क्रेडिट्सचे सहा विषय, म्हणजे २४ क्रेडिट्स घेतली, त्यात पाच ए (प्रत्येक क्रेडिटला ४) आणि एक बी (प्रत्येक क्रेडिटला ३) मिळाला, म्हणजे आणखी ९२ गुणांक. ४३४ भागिले १४४, उत्तर ३.०१. दीड वर्षाची मेहनत, कामावरून थेट वर्गात जाणे, आणि आकडा हलला तो ०.१६ ने. अनेकांना वाटते की विषय पुन्हा केला की जुना सी पुसला जातो. तुमचे विद्यापीठ तसे करत असेल, पण पीटीकॅस दोन्ही प्रयत्न धरते. चार क्रेडिट्सच्या विषयात आधी सी (२) आणि नंतर ए (४) मिळाला, तर त्या विषयाची त्यांच्या लेखी सरासरी ३.० होते. एकूण जीपीए हा भरलेल्या हौदासारखा असतो, वरून कितीही स्वच्छ पाणी ओतले तरी रंग हळूहळूच बदलतो.

पण प्रत्येक विद्यापीठ केवळ एकूण जीपीए बघत नाही, आणि माझ्यासाठी दार उघडले ते इथे. काही ठिकाणी पूर्वअट विषयांचा, म्हणजे प्रवेशाआधी करावेच लागणाऱ्या विषयांचा, जीपीए वेगळा काढतात आणि त्यात पुन्हा केलेल्या विषयाची नवी श्रेणीच धरतात. काही ठिकाणी शेवटच्या ६० क्रेडिट्सना जास्त महत्त्व देतात. माझी पदवीतली शेवटची ३६ आणि नंतरची २४ मिळून तीच सरासरी साडेतीनच्या वर जात होती. तीच मी, त्याच श्रेणी, आणि तरीही एका विद्यापीठाच्या हिशेबाने ३.०१ तर दुसऱ्याच्या हिशेबाने साडेतीनच्या वर. पहिल्या वर्षी मी ज्या अकरा ठिकाणी अर्ज केले होते, त्यांतल्या किमान सहा ठिकाणी ३.० च्या खालचे अर्ज पुढे जातच नव्हते. ते त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले होते आणि मी ते वाचले नव्हते. त्या अर्जांचे शुल्क बाबांच्या खिशातून गेले होते, हे आजही मनाला लागते.

आता गुण कमी का पडले याविषयी. नोकरीचे तास हे एक कारण होतेच, पण तेवढेच सांगितले तर ते अर्धसत्य होईल. शाळेपासून मी पाठांतर करत आले होते. धडा चार वेळा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायच्या, आणि ओळखीचे वाटू लागले की येते असे समजायचे. मिरजेच्या शाळेत त्यावर भागले होते. इथे अॅनाटॉमीच्या परीक्षेत प्रश्न येतो तो असा: हाताची अमुक दोन बोटे बधिर आहेत आणि अमुक हालचाल जमत नाही, तर मज्जातंतूला इजा कुठे झाली असेल? तिथे ओळखीचे वाटणे कामाला येत नाही. शिवाय प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना मी चार वर्षांत दोनदा गेले असेन. आपल्याला येत नाही हे दाखवायला शिक्षकांच्या दारात जायचे, ही कल्पनाच मला अवघड वाटत असे.

विषय पुन्हा घेतला तेव्हा मी वाचनाचा वेळ निम्म्यावर आणला आणि उरलेला वेळ कोऱ्या कागदावर घालवला. मानेतून निघून हातात उतरणाऱ्या मज्जातंतूंचे जे जाळे असते, ब्रेकिअल प्लेक्सस, ते सी-५ ते टी-१ अशा नावांच्या पाच मुळांपासून सुरू होते. त्या पाचांचे तीन स्कंध होतात, प्रत्येकाचे दोन फाटे, मग पुन्हा तीन कॉर्ड आणि शेवटी पाच मुख्य शाखा. किराणा दुकानातून येणाऱ्या तपकिरी कागदी पिशव्या आई जपून ठेवते. त्यांतली एक उसवून रोज सकाळी चहा होईपर्यंत मी ते जाळे पुस्तक न बघता काढत असे. पहिल्या दिवशी स्कंधांपर्यंत पोहोचले आणि अडले. चुकलेली जागा लाल पेनाने दुरुस्त करायची, दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून. साधारण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस हात आपोआप फिरला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे करंगळी बधिर झाली तर बोट कोणत्या रेषेवरून मागे मागे न्यायचे हे मला कागदावर दिसू लागले. बाबा एकदा म्हणाले, "रोज तेच काढतेस, कंटाळा येत नाही?" खरोखरच येत नव्हता.

फिजिक्सच्या दुसऱ्या भागात मात्र मला बीच मिळाला, आणि तो मी पूर्ण कष्टाने मिळवला असल्याने त्याविषयी मनात काहीही उरलेले नाही. हे विषय मी कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गांत केले. कम्युनिटी कॉलेजचे गुण चालतात का, असे अनेक जण विचारतात. बऱ्याच विद्यापीठांना चालतात, काहींना पूर्वअट विषय चार वर्षांच्या संस्थेतूनच केलेले हवे असतात, आणि काही ठिकाणी पाच किंवा दहा वर्षांपेक्षा जुने विषय ग्राह्य धरत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी प्रवेश कार्यालयाला एक ईमेल पाठवून लेखी उत्तर घ्यावे. माझ्या वर्गातल्या प्राध्यापकांकडे मी या वेळी दर आठवड्याला गेले. शिफारसपत्र लिहिताना ते खऱ्या गोष्टी लिहू शकले असतील, तर ते यामुळेच.

क्लिनिकमधल्या कामाबद्दलही लिहायला हवे, कारण निरीक्षणाचे तास म्हणजे नुसती हजेरी नाही हे मला फार उशिरा समजले. मी थेरपी एड, म्हणजे मदतनीस, म्हणून काम करत होते. हॉट पॅकच्या टाकीतले पाणी तपासायचे, टेबल पुसायचे, टॉवेल, रुग्णाला पुढच्या व्यायामाच्या जागी नेणे. एडला उपचार करण्याची परवानगी नसते आणि ते योग्यच आहे. त्या वर्षी गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झालेले एक वयस्क गृहस्थ येत असत. थेरपिस्ट बाई त्यांना टेबलावर झोपवून गोनिओमीटर, म्हणजे सांधा किती वाकतो ते मोजायचा कोनमापक, लावत: त्याचा मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या दिशेने, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या दिशेने. आकडा यायचा ८२ अंश. पुढच्या भेटीत पुन्हा ८२. हात न टेकता खुर्चीतून उठायला साधारण नव्वदच्या पुढे गुडघा वाकावा लागतो, त्यामुळे हा आकडा त्यांच्या घरातल्या प्रत्येक खुर्चीशी निगडित होता. एके दिवशी टेबल पुसताना मला दिसले की बाहेर आपल्या वेळेची वाट बघत ते शेजारच्या माणसाशी बेसबॉलबद्दल रंगून बोलत आहेत आणि बोलता बोलता त्यांचा तोच पाय खुर्चीखाली बराच मागे गेला आहे. टेबलावर जातो त्यापेक्षा नक्कीच जास्त. मी ते बाईंना सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्या दिवसापासून त्या गृहस्थांचा सराव टेबलाऐवजी खुर्चीवर, पायाखाली टॉवेल घेऊन, फरशीवर पाय मागेपुढे सरकवत सुरू केला. टेबलावर झोपले की दुखेल या भीतीने ते मांडीचे स्नायू आवळून धरत होते. दोन आठवड्यांनी आकडा ९४ होता.

निबंधाला पीटीकॅसवर स्पेससह ४५०० अक्षरांची मर्यादा असते. पहिल्या वर्षी त्यातली चार हजार आजीवर खर्च झाली होती. आजीवर लिहिणे चुकीचे नव्हते, ती जे सोसत होती ते खरे होते. पण त्या निबंधात मी फक्त बघणारी होते आणि वाचणाऱ्याला माझ्याबद्दल काहीच कळत नव्हते. दुसऱ्या निबंधात मी त्या खुर्चीखालच्या पायाबद्दल लिहिले, आणि शेवटच्या परिच्छेदात माझ्या गुणांबद्दल, चार वाक्यांत: काय झाले, का झाले, मी काय बदलले, आणि त्याचा पुरावा ट्रान्सक्रिप्टच्या कोणत्या सत्रांत आहे. क्षमा मागितली नाही आणि परिस्थितीवर ढकललेही नाही. माझे ठाम मत आहे की कमी गुणांबद्दल निबंधात काहीच न लिहिणे ही मोठी चूक आहे, कारण समितीला तो आकडा दिसतोच आणि आपण गप्प राहिलो तर त्याचा अर्थ ते त्यांच्या परीने लावतात.

दुसरा अर्ज पुढच्या वर्षी, हे विषय झाल्यावर, जुलैच्या अखेरीस गेला. अनेक विद्यापीठे जसजसे अर्ज येतात तसतशा जागा भरत जातात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये पोहोचणाऱ्या ३.० च्या अर्जाला उरलेल्या थोड्या जागांसाठी ३.७ च्या अर्जांशी झगडावे लागते. या वेळी आठच ठिकाणे निवडली. प्रत्येकाचा गुण मोजण्याचा नियम, शुल्क, आणि एनपीटीई उत्तीर्ण होण्याचे त्यांनी स्वतः जाहीर केलेले प्रमाण वहीत लिहून. हे प्रमाण आवर्जून बघावे. जिथे कमी गुणांवर सहज प्रवेश मिळतो, पण शिकलेल्यांपैकी बरेच जण परवान्यापर्यंत पोहोचत नाहीत, तिथे मोठे कर्ज काढून जाण्यात धोका आहे. माझ्या एका मैत्रिणीने हाच विचार करून दोन वर्षांचा फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटचा अभ्यासक्रम निवडला. ती आज रुग्णांबरोबर काम करते आहे आणि तिच्या निर्णयाला कोणी दुय्यम म्हटले तर मला ते सहन होत नाही.

आठपैकी दोन ठिकाणी मुलाखत झाली. एका मुलाखतीत समोरच्या प्राध्यापिकेने ट्रान्सक्रिप्टवर बोट ठेवून विचारले, "हा सी आणि हा ए, दोन्ही तुझेच. मधल्या काळात नेमके काय बदलले?" मी त्यांना कागदी पिशव्यांबद्दल सांगितले. त्यांनी समोर एक कोरा कागद सरकवला आणि म्हणाल्या, "काढून दाखव." मी काढले. मुळे, स्कंध, फाटे, कॉर्ड, शाखा. शेवटच्या शाखेचे नाव लिहिताना हात थोडा थरथरत होता. दुसऱ्या ठिकाणी मला प्रतीक्षायादीत ठेवले गेले. जिथे ते जाळे काढले, तिथे प्रवेश मिळाला, आणि आता दुसरे वर्ष सुरू आहे. एनपीटीई अजून पुढे आहे. २०० ते ८०० च्या पट्टीवर त्यात ६०० लागतात, आणि तिथे माझा जुना जीपीए कोणी विचारणार नाही.

काकूंच्या मुलाला मी फोनवर एवढेच काम दिले होते: विद्यापीठांची यादी करायची नाही, निबंधाला हात लावायचा नाही, फक्त ट्रान्सक्रिप्टचा तक्ता मांडायचा आणि शेजारच्या रकान्यात त्या त्या सत्रात काय चालले होते ते खरे खरे लिहायचे. काल रात्री त्याने तो पाठवला. चार सी, एक डी. चारही सी पहिल्या दोन सत्रांतले, डी मात्र गेल्या वर्षीच्या फिजिक्समधला, आणि त्या ओळीशेजारचा रकाना त्याने रिकामा ठेवला आहे. शनिवारी सकाळी आम्ही बोलणार आहोत, आणि त्या रिकाम्या रकान्यापासूनच सुरुवात करणार आहोत.